चुकीलाही दिशा असते

(एस. वाय. बी. ए. मधील एक विद्यार्थिनी)

गेल्या जुलै महिन्यात आपल्या महाविद्यालयात डेडस्टॉकची तपासणी झाली. तेव्हा भूगोल विभागाच्या रजिस्टरात एका ओळीपुढे लाल शाईने 'निकामी' असा शेरा पडला. ती ओळ अशी होती : 'दुर्बीण, परावर्ती, सहा इंची, मोटार व तिपाईसह, नग एक.' शेऱ्याखाली कारणही दिले होते, 'छायाचित्रे स्पष्ट येत नाहीत.' मार्चअखेर अशा सर्व वस्तूंचे निर्लेखन व्हायचे आहे. म्हणजे हा अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास ती दुर्बीण मोडक्या बाकांबरोबर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलेली असेल, किंवा नसेल. ती चढू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे म्हणणे थोडक्यात मांडते. त्या दुर्बिणीत बिघाड नाही. ती नीट जुळवलेली नव्हती, एवढेच. आणि ती कोणत्या बाजूला व किती चुकली आहे हे ती दर रात्री सांगत होती. ऐकायला कोणी थांबले नाही. चूक दिसली की शेरा मारून मोकळे व्हायचे, ही आपली सर्वांचीच सवय आहे. मीही त्याला अपवाद नव्हते, हे पुढे येईलच.

मी काही शास्त्र शाखेची नव्हे. भूगोल आणि मराठी हे माझे विषय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गवंडीकाम करतात आणि आई त्याच कामावर बिगारी म्हणून जाते. पहिल्या वर्षी इंग्रजीत मला ए. टी. के. टी. लागली होती. म्हणजे माझ्याही नावापुढे त्या वर्षी एक लाल शेरा होताच. त्यामुळे लाल शाईविषयी मला थोडी अढी आहे, हे आधीच कबूल करते. वाचकांनी ती लक्षात घेऊन मगच माझे म्हणणे पारखावे.

दुर्बिणीची ओळख झाली ती भूगोलाच्या तासाला. पृथ्वीचे परिवलन शिकवताना सर म्हणाले, "पृथ्वी फिरते हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर कॅमेरा आकाशाकडे रोखून उघडा ठेवा. तारे रेघा ओढून दाखवतील." तास संपल्यावर मी विचारले, "सर, मग ताऱ्यांचे ठिपक्यासारखे फोटो कसे काढतात?" सर हसले आणि म्हणाले, "त्यासाठीच ती दुर्बीण आणली होती. पण ती निकामी निघाली. बघायची असेल तर बघ, किल्ली मामांकडे आहे. सही करून ने." वर्गातल्या एकाने मागून शेरा मारलाच, "आर्टसवाल्यांना कशाला हव्यात दुर्बिणी?" या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे.

आता गोष्ट काय आहे ते सांगते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी करते. आपण तिच्यावर बसलेले असल्यामुळे सारे आकाशच उलट दिशेने फिरताना दिसते. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला; या मापाने विषुववृत्तावरचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण दुर्बिणीतून कॅमेऱ्याला लगेच कळते. तेव्हा ताऱ्याचा ठिपका ठिपकाच राहायचा असेल तर दुर्बिणीने आकाशाच्याच गतीने, आकाशाच्याच अक्षाभोवती फिरले पाहिजे. त्यासाठी तिचे माउंट, म्हणजे जिच्यावर नळी बसते ती बैठक, खास तऱ्हेची असते. तिच्यात एक अक्ष तिरपा असतो. तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला की एकच मोटार संथपणे फिरवून तारा जागच्या जागी धरता येतो. या तिरप्या अक्षाला ध्रुवाक्ष म्हणतात आणि तो आकाशाच्या ध्रुवाकडे नेमका रोखण्याच्या कामाला ध्रुवजुळवणी. सारी मेख या जुळवणीत आहे.

आपल्या भागात ही जुळवणी जरा अवघडच आहे. सातारा, सोलापूर, पंढरपूर या पट्ट्याचा अक्षांश साडेसतरा अंशांच्या थोडा वर. जेवढा अक्षांश तेवढीच ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची, त्यामुळे ध्रुव आपल्याला फार खाली दिसतो. तिथे धूळ असते, गावातल्या दिव्यांचा उजेड असतो, एखाद्या इमारतीची गच्ची आडवी येते. शिवाय अक्ष असा आडवा पडला की समतोलाच्या वजनांचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि काही वेळा तिपाईच्या पायावर आपटतो. एकदा आपटला की केलेली जुळवणी गेली. होकायंत्रावरही फार विसंबता येत नाही. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे फारसा फरक नाही हे खरे; पण मोबाइलमधले होकायंत्र लोखंडी तिपाईजवळ नेले की भलतीच उत्तर दाखवू लागते. आमच्या एका वर्गमैत्रिणीच्या मोबाइलची उत्तर आणि माझ्या मोबाइलची उत्तर यांत बारा अंशांचा फरक निघाला!

पहिली रात्र कार्तिकातली. कॉलेजच्या मैदानावर आम्ही दुर्बीण मांडली. मुलीने रात्रीचे थांबायचे म्हणून वडील सोबतीला आले होते. बिचारे दिवसभराचे दमलेले, पोते अंथरून भिंतीला टेकून बसले. माउंटच्या ध्रुवाक्षातच एक छोटी दुर्बीण बसवलेली असते. तिच्यातून ध्रुव तारा पाहिला, त्याला बरोबर मधल्या फुलीवर आणले, स्क्रू आवळले आणि सरांच्या कॅमेऱ्याने दोन मिनिटांचे चित्र काढले. पडद्यावर पाहते तो प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट! पुन्हा काढले, पुन्हा तांदूळ. मग मी काय केले असेल? वजने पुढे-मागे केली, मोटारीची तार काढून पुन्हा जोडली, उंचीचा स्क्रू थोडा फिरवला, बाजूचे दोन्ही स्क्रू थोडे फिरवले, तिपाईचा एक पाय वर केला. हे सारे एका दमात. पुढचे चित्र आणखी वाईट आले. रात्री अकरा वाजता मी वडिलांना म्हणाले, "चला घरी, हे यंत्रच निकामी आहे." ज्या शेऱ्याविरुद्ध आज लिहीत आहे तो शेरा त्या रात्री मीच मारला होता.

वाटेत वडील एवढेच म्हणाले, "किती जागी हात लावलास? आता काय केल्यानं बिघडलं, काय केल्यानं सुधारलं, कसं कळायचं?"

हे मनाला लागले. भिंत ओळंब्यात नसेल तर गवंडी सगळ्या विटा एकदम हलवत नाही. ओळंबा सोडतो, भिंत कोणत्या अंगाला कलली आहे ते पाहतो आणि मगच हात लावतो. आमच्या घरात ओळंबा माझ्या जन्माआधीपासून खुंटीला लटकतो आहे. मला मात्र तो कॉलेजात आल्यावर आठवला.

दुर्बिणीलाही असा ओळंबा आहे, आणि तो म्हणजे ताराच. या पद्धतीत ताऱ्याचे सरकणे पाहून अक्षाची चूक ओळखायची असते. लायब्ररीतून आणि इंटरनेटवरून जे वाचले, त्यातले कामाचे तेवढे येथे सांगते. कारण पुढे कोणी ही दुर्बीण हाती घेतली तर त्याची रात्र वाया जाऊ नये.

पहिली गोष्ट, तारा कोणत्या दिशेने सरकतो ते वेगवेगळे करून पाहावे. तो पूर्व-पश्चिम डुलत असेल तर दोष बहुधा मोटारीच्या गतीचा, समतोलाचा किंवा दंतचक्राचा असतो. आमच्या माउंटवर तारा सुमारे दहा मिनिटांच्या फेऱ्याने मागेपुढे डुलतो. ते चक्राचे अंगचे वळण आहे आणि त्याला ध्रुवजुळवणी जबाबदार नाही. पण तारा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे एकसारखा चालू लागला, तर अक्ष चुकला आहे असे समजावे. माझ्या कार्तिकातल्या चित्रांतले तांदूळ सगळे उत्तर-दक्षिण पडले होते. म्हणजे त्याच रात्री उत्तर माझ्या हातात होते. मला वाचता आले नाही.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याच्या पडद्यावर उत्तर कोणती हे आधी ठरवावे. दुर्बिणीत चित्र उलटे दिसते, त्यामुळे इथे हमखास फसगत होते. उपाय साधा आहे. नळी बोटाने किंचित ध्रुवाच्या बाजूला ढकलावी. तारा पडद्याच्या ज्या कडेकडे पळेल ती दक्षिण.

तिसरी गोष्ट, आकाशात दोन ठिकाणी चाचणी घ्यावी. विषुववृत्ताजवळचा एक तारा पूर्वेला, क्षितिजापासून वीसेक अंशांवर असताना धरावा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली गेला आहे. उत्तरेकडे सरकला तर अक्ष वर गेला आहे. मग विषुववृत्ताजवळचाच तारा बरोबर डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, म्हणजे याम्योत्तर वृत्तावर असताना धरावा. आता तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेकडे चुकला आहे. उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. पहिल्या चाचणीत फक्त उंचीचा स्क्रू फिरवायचा, दुसरीत फक्त बाजूचे. एका वेळी एकच.

या कामाला आपल्या ओळखीचा एक उत्तम तारा आहे. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांतला जो सर्वांत आधी उगवतो तो जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. मार्गशीर्ष महिन्याला नावच मुळी मृगशीर्षावरून पडले, कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाच्या आसपास असतो. त्या दिवसांत हा तारा संध्याकाळी पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्री याम्योत्तर वृत्तावर येतो. एकाच ताऱ्याला एका रात्रीत दोन्ही प्रश्न विचारता येतात.

म्हणून मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमारास आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. ध्रुव तारा पूर्वीसारखाच फुलीवर आणला. साडेसातला बाणाचा तो तारा पूर्वेला धरला आणि घड्याळ लावून बसले. पाच मिनिटांत तारा पडद्यावरच्या रेषेपासून स्पष्टपणे उत्तरेकडे गेला. म्हणजे अक्ष वर गेला आहे. उंचीचा स्क्रू थोडा सैल केला, पुन्हा पाहिले, पुन्हा थोडा सैल केला. चौथ्या खेपेला तारा रेषेवर थांबला. कसा थांबला काय सांगू! अर्धा तास गेला तरी मला हलवेना.

पण त्या अर्ध्या तासानंतर पाहते तो तारा पुन्हा चालू लागलेला, आणि या वेळी दक्षिणेकडे! अक्ष आता खाली गेला म्हणायचे? मी तर स्क्रूला हातही लावला नव्हता. माझ्या तोंडून पुन्हा तोच शब्द बाहेर पडणार होता. तेवढ्यात वडील बॅटरी घेऊन उठले आणि तिपाईजवळ उकिडवे बसले.

"पोरी, वरचं सगळं बघतीयास, जरा खालचं बघ की. ह्यो पाय बसतोय."

उत्तरेकडचा पाय खरोखरच मातीत रुतला होता. दुपारी मैदानावर कबड्डीसाठी पाणी मारले होते. वरून कोरडी दिसणारी माती आत ओली होती. मी नंतर हिशेब केला. तिपाईचे पाय एकमेकांपासून साधारण एक मीटरवर असतात. त्यांतला एक केवळ दोन मिलिमीटर खचला तरी अक्ष सात कलांच्या आसपास कलतो. एवढ्याने तारा मिनिटाला दीड-दोन विकला सरकू लागतो. दोन मिलिमीटर म्हणजे दोन रुपयांच्या नाण्याची जाडीसुद्धा फार झाली म्हणायची.

वडिलांनी कंपाउंडाजवळ पडलेले शहाबादी फरशीचे तीन तुकडे आणले, माती पायाने दाबून घेतली, त्यावर फरश्या बसवल्या आणि पाण्याच्या नळीने तिन्हींची पातळी जुळवली. काम करता करता म्हणाले, "ओल्या मातीवर भिंत उभी केली न् ती कलली, तर वीट वाईट म्हणायची व्हय?"

फरश्या घालताना सारी जुळवणी अर्थातच गेली. पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर मृग वर चढला होता, म्हणून पूर्वेला नुकताच आलेला प्रश्वा धरला. तो विषुववृत्तापासून पाचच अंश उत्तरेला आहे, चालतो. उंची जुळली. बारा वाजता बाणाचा तारा याम्योत्तर वृत्तावर आला. तो दक्षिणेकडे सरकत होता, म्हणून अक्षाला पश्चिमेकडे नेले. तीन खेपा लागल्या. बोल्ट आवळताना जुळवणी किंचित सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा तपासले. मग दुर्बीण मृगातल्या तेजोमेघाकडे वळवली. सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर असलेला तो ढग, जिथे नवे तारे जन्माला येत आहेत. एकेक मिनिटाची दहा चित्रे काढली. सहा चित्रांत तारे गोल आले. चारांत दंतचक्राच्या डुलण्याने थोडे लांबट आले. त्या सहांतले एक भूगोल विभागाच्या फलकावर लावले आहे. फार सुंदर आहे असा माझा दावा नाही. पण 'छायाचित्रे स्पष्ट येत नाहीत' या वाक्याला ते उत्तर आहे.

मग मूळ चूक कोणती होती? ते दुसऱ्या दिवशी कळले. दुर्बिणीसोबतचे माहितीपुस्तक इंग्रजीत आहे. शब्दकोश घेऊन बसले आणि दोन पाने वाचायला दोन तास लागले. त्यात लिहिले होते की ध्रुव तारा फुलीवर आणायचाच नसतो! फुलीभोवती एक लहान वर्तुळ आहे, त्या वर्तुळावर त्या त्या वेळेच्या जागी तो ठेवायचा असतो. कारण ध्रुव तारा नेमका ध्रुवावर नाही. तो आज खऱ्या ध्रुवापासून सुमारे ३८ कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहून थोडा जास्त, शर्मिष्ठेच्या बाजूला आहे. मार्गशीर्षात संध्याकाळी शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर असते. म्हणजे ध्रुव ताराही खऱ्या ध्रुवाच्या वर असतो. मी अक्ष ताऱ्यावर रोखला आणि म्हणूनच तो वर गेला. एवढ्या चुकीने तारा मिनिटाला आठ-दहा विकला सरकतो. दोन मिनिटांत तांदूळ व्हायला तेवढे पुरे. पुस्तकाने हे इंग्रजीत सांगितले. ताऱ्याने आदल्या रात्रीच सांगितले होते, आणि त्याला शब्दकोश लागला नाही.

लहानपणापासून आपण ध्रुवाला अढळ म्हणत आलो. लग्नात वधूवरांना ध्रुव दाखवतात तोही त्याच भावनेने. ती भावना खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण आकाशातला तो तारा रोज खऱ्या ध्रुवाभोवती एक लहानशी प्रदक्षिणा घालतो. शिवाय पृथ्वीचा अक्षच सुमारे २६ हजार वर्षांत एक मोठा फेरा घेतो, त्यामुळे ध्रुवाचे स्थानही बदलत जाते. सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवाजवळचा मान कालेय तारकापुंजातल्या ठुबानकडे होता. ज्याला आपण प्रमाण मानतो तेही कधी कधी तपासून घ्यावे लागते, एवढा बोध मी यातून घेतला.

आता आक्षेपांकडे वळते. माझ्याशी बोलताना काही मित्रांनी आणि एका प्राध्यापकांनी जे मुद्दे मांडले ते खोटे नाहीत, म्हणून त्यांचा विचार करणे भाग आहे.

एक म्हणतात, 'आज ही सारी यातायात कशाला? कॅमेऱ्याला संगणक जोडला की तो चित्रातले तारे ओळखून अक्ष किती चुकला ते दोन मिनिटांत सांगतो.' अगदी खरे. तसे साधन मिळाले तर मी पहिली रांगेत उभी राहीन. पण तो संगणकही शेवटी स्क्रू कोणत्या बाजूला फिरवा एवढेच सांगतो. आकडे दर दहा मिनिटांनी का बदलतात, पाय ओल्या मातीत रुततो म्हणून की दांडा आपटला म्हणून, हे वाकून पाहणारा माणूस लागतोच. आणि ते साधन येईपर्यंत हातात आहे ते भंगारात घालावे, असे तर कोणी म्हणणार नाही.

दुसरे म्हणतात, 'कला महाविद्यालयात दुर्बीण हवीच कशाला?' याला उत्तर म्हणून दोनच गोष्टी सांगते. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे कोकणातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली मराठीत लिहिला. या विषयावर तो इतका प्रमाण ठरला की पुढे त्याचे इंग्रजीत भाषांतर करून घ्यावे लागले. इतिहास, संस्कृत, पंचांग आणि गणित यांच्या मध्ये तेव्हा कोणी भिंत घातली नव्हती. मग ती आपणच का घालावी? दुसरी गोष्ट पुण्याची. तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. तिथे २० इंची दुर्बीण होती. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि यंत्रे कोडाईकनालला गेली. निदान ती दुसऱ्या वेधशाळेत तरी गेली. आपली सहा इंची भंगारात जायची आहे. यंत्र माणसामागे उभे असते; माणूस गेला आणि मागे शिकलेले कोणी नसले की ते 'निकामी' होते. आपल्या दुर्बिणीचेही तसेच झाले असावे. ज्यांनी ती आणली ते बदलून गेले आणि त्यांना काय समजले होते याची एका ओळीची नोंद मागे राहिली नाही.

तिसरा आक्षेप मामांचा. 'मुलं तोडतील.' यावर माझ्याकडे उत्तर नाही. तोडतीलही. पण कपाटात ठेवून ती जितकी खराब झाली तितकी मुलांच्या हाती झाली नसती, एवढे मी भिंगावरची बुरशी पुसताना पाहिले आहे.

म्हणून प्राचार्य महोदय आणि प्राध्यापकवर्ग यांना या अंकाच्या द्वारे माझी नम्र विनंती आहे. डेडस्टॉक रजिस्टरातला तो शेरा खोडावा. मैदानाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथून ध्रुव दिसतो, सिमेंटचे तीन पक्के ठोकळे घालून द्यावेत. सिमेंटचा खर्च काय तो द्यावा, मजुरी माझे वडील घेणार नाहीत, त्यांनी तसे सांगितले आहे. दुर्बिणीसोबत एक वही ठेवावी. त्या रात्री तारा कोणत्या दिशेला सरकला, कोणता स्क्रू किती फिरवला, काय झाले, हे प्रत्येकाने तिच्यात लिहावे, आणि आपली चूकही लिहावी. पहिले पान मी लिहून ठेवले आहे; त्यात कार्तिकातल्या रात्रीची माझी सारी फजिती आहे. आणि महिन्यातून एक रात्र, अमावास्येच्या जवळची, सर्व शाखांच्या मुला-मुलींसाठी ठेवावी. मुलींच्या पालकांना सोबत येण्याची मोकळीक असावी. त्यांच्यातही पाय रुतलेला ओळखणारे कोणी निघेल.

जाता जाता एक. आपल्या वर्गांत दरवर्षी किती तरी मुले-मुली पहिल्या वर्षाला बसतात आणि दुसऱ्या वर्षाला दिसत नाहीत. त्यांच्या नावापुढे आपण मनातल्या मनात कोणता शेरा मारतो? 'झेपले नाही.' मलाही हेच ऐकावे लागणार होते. इंग्रजीच्या मॅडमनी मला थांबवून विचारले, "नेमके कुठे अडते तुझे?" मी म्हणाले, "वाचले तर कळते, पण लिहिताना क्रियापद चुकते." त्यांनी फक्त क्रियापदे घेतली, तीन महिने, रोज मधल्या सुटीत दहा मिनिटे. पुढच्या परीक्षेत मी सुटले. बाकी काहीही बदलावे लागले नाही. जे दिसेनासे झाले त्यांतल्या कितीजणांना कोणी असे विचारले असेल? कोणाच्या पायाखालची माती ओली होती, हे कोणी वाकून पाहिले असेल?

येत्या अमावास्येला आकाश निरभ्र असेल तर आम्ही फरश्या मांडून मैदानावर असू. ज्यांना 'निकामी' दुर्बीण पाहायची असेल त्यांनी जरूर यावे. येताना स्वेटर आणावा. बारानंतर थंडी वाजते.